वडावरचा १४३ : रस्ते आणि पर्यटन सांभाळणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातले रस्ते आखणारे, ते रुंद करणारे, त्यांच्या कडेला पाट्या लावणारे आणि पर्यटनाचा कारभार पाहणारे सर्व मंत्री, अधिकारी व अभियंते यांस,

विषय : पुण्याहून भोर, वरंधा, दापोलीमार्गे मालगुंडपर्यंतच्या वाटेवरची जुनी झाडं, लेखकांची घरं, चर्च आणि जंगल.

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी कापूरहोळचा फाटा सोडून भोरकडे वळलो आणि नेहमीच्या वडापाशी गाडी थांबवली. थर्मासमधला चहा तिथेच प्यायचा, हा आमच्या घरचा शिरस्ता. वडिलांना हात धरून उतरवलं. त्यांचं वय चौऱ्याऐंशी, नजर अधू झालेली. पण खोडावर तळवा टेकल्याबरोबर ते म्हणाले, “बेबी, इथे काहीतरी चिकट लागतंय.” मी वाकून पाहिलं. वटपौर्णिमेला बायकांनी गुंडाळलेलं सूत अजून खोडावर होतं, पावसाने करडं पडलेलं. त्या सुतावरूनच ब्रश ओढून कोणीतरी पिवळ्या ऑइलपेंटने आकडा काढला होता, १४३. सुताच्या उंचवट्यांवर रंग नीट बसला नव्हता, त्यामुळे चाराचा आकडा मधेच तुटला होता. पलीकडच्या झाडावर १४४. त्याच्या पुढच्यावर १४५. वळणापर्यंत नजर जाईल तिथवर आकडेच.

समोरच्या टपरीवाल्या मावशी म्हणाल्या, “रस्ता मोठा व्हायचाय. नंबर पडला म्हणजे झाड गेलंच समजायचं.”

वडिलांना मी आकडा वाचून दाखवला नाही. पण ते समजले. परतीच्या वाटेवर ते एक शब्द बोलले नाहीत. म्हणून हे पत्र मी लिहीत आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडं लिहीत आहे.

माझं या रस्त्याशी नातं काय ते आधी सांगते. वडील एसटीत चालक होते. नोकरीतली कितीतरी वर्षं त्यांनी स्वारगेटहून भोर, वरंधा, महाडमार्गे दापोलीची मुक्कामी गाडी चालवली. सुट्टीत मी चालकाच्या मागच्या बाकावर बसून जायची. रस्त्यावरच्या झाडांना त्यांच्या आणि त्यांच्या सोबत्यांच्या बोलण्यात नावं होती. हा १४३ नंबरचा म्हणजे ‘पाण्याचा वड’, कारण त्याच्या सावलीत गाडी उभी करून रेडिएटरला पाणी घालायचे. पुढे एक ‘वेबिलाची चिंच’ होती, तिथे वाहक वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, पुरं करून घ्यायचे. घाटाच्या अलीकडे ‘डुलकीचा आंबा’. किलोमीटरच्या दगडांपेक्षा या झाडांवर त्यांचा जास्त भरवसा होता. रात्री धुक्यात दगड दिसत नाही, वडाचा पसारा दिव्यात दिसतो.

आम्ही मराठी ख्रिस्ती. गुरुवार पेठेतल्या पंचहौदच्या देवळात माझा बाप्तिस्मा झाला. घरी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं म्हटली जायची आणि उशाशी साने गुरुजी असायचे. त्यामुळे वडिलांच्या गाडीची वाट ही माझ्यासाठी शाळेआधीची शाळा होती. वाटेत घंटा, घळ, घाट, लेखकाचं गाव आणि शेवटी समुद्र. आता मी स्वतः गाडी चालवते आणि वडिलांना बाजूला बसवून वर्षातून एकदा तरी ही वाट करते.

हे पत्र ‘रस्ता करू नका’ म्हणणारं नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट करते. वडिलांचे दोन सोबती घाटात गेले. अरुंद रस्ता, कठडा नाही, समोरून ट्रक. त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलो आहोत. रस्ता सुरक्षित झालाच पाहिजे. माझा प्रश्न तो कसा करायचा याबद्दल आहे, आणि या रस्त्याकडे बघताना तुमच्या नकाशात काय काय दिसतं, याबद्दल.

धाकटी बहीण कॅलिफोर्नियात असते. २०२३ मध्ये तिने मला बोलावून घेतलं आणि आठ दिवस गाडीने तिथला किनारा दाखवला. तिथलं सगळं चांगलं आणि आपलं सगळं वाईट, असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तिथे मी जे चार प्रकार पाहिले ते चारही आपल्याकडे, माझ्या वडिलांच्या गाडीच्या वाटेवर आहेत, म्हणूनच मला ते लागलं.

पहिला प्रकार झाडांचा. राज्याच्या उत्तरेला रेडवुडची जंगलं आहेत. शंभर मीटरच्या वर जाणारी झाडं, काहींचं वय हजाराच्या पुढे. त्यांच्यामधून साधारण ५० किलोमीटरचा एक जुना रस्ता जातो. खोडं डांबराला इतकी चिकटून आहेत की खिडकीतून हात काढला तर साल लागेल. साल तांबूस, तंतुमय, सोललेल्या नारळासारखी. हा एके काळी तिथला मुख्य महामार्ग होता. वाहतूक वाढली तेव्हा १९६० मध्ये त्यांनी नवा मोठा रस्ता बाजूने काढला आणि जुना आहे तसा ठेवला. घाई असेल त्याने नव्याने जावं, झाडं बघायची असतील त्याने जुन्याने. ही बुद्धी त्यांना आपोआप सुचलेली नाही. १९१७ मध्ये तिघे जण गाडीने ही झाडं पाहायला गेले, तर नव्या रस्त्याच्या कडेनेच तोड चाललेली दिसली. परत येऊन १९१८ मध्ये त्यांनी झाडं वाचवण्यासाठी संस्था काढली, पैसे उभे केले, जमिनी विकत घेतल्या. तोडही त्याआधी आणि त्यानंतर भरपूर झाली. पण उरलं ते लोकांनी भांडून उरवलं.

त्या रस्त्यावर गाडी बाजूला लावून मी बहिणीला म्हटलं, “हे पप्पांनी बघायला हवं होतं.” ती म्हणाली, “पप्पांकडे त्यांचे वड आहेत की.”

आता ते वड जाणार असतील तर माझं म्हणणं काय, ते नीट ऐका.

तुमच्या मोजणीत झाडाला फक्त क्रमांक आहे. सात वर्षांच्या गुलमोहराला एक आकडा आणि माझ्या आजोबांच्या आधीच्या वडाला एकच आकडा. एकाच्या बदल्यात अमुक रोपं लावू, असं कागदावर येतं. ती रोपं कुठे लागतात, तिसऱ्या उन्हाळ्यात त्यातली किती उभी असतात, हे झाड ज्या गावातून गेलं त्या गावाला कोणी सांगत नाही. वड म्हणजे सावलीची जागा असते, पारावरची बैठक असते, वटवाघळांचं आणि धनेशांचं अन्न असतं. दुसऱ्या तालुक्यातल्या डोंगरावर कुंपणात लावलेल्या कमरेएवढ्या रोपाने भोरच्या रस्त्यावरच्या शेतमजुराच्या डोक्यावर सावली पडत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. नागरी क्षेत्रातल्या झाडांसाठी १९७५ चा अधिनियम आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला, आणि असं झाड तोडावंच लागलं तर त्याच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट आली. म्हणजे हाच वड पुणे शहरात उभा असता तर त्याचं वय विचारलं गेलं असतं. शहराबाहेर, गावच्या हद्दीत उभा आहे म्हणून तो फक्त १४३. ज्या रस्त्यांवर खरी जुनी झाडं आहेत तिथेच ही अट नाही, हे मला पटत नाही.

आणि एक साधा उपाय, जो मी इंजिनिअर नसूनही सुचवते, कारण वडील तो वीस वर्षं सांगत आले आहेत. आहे तो रस्ता झाडांसकट एका दिशेच्या वाहतुकीला ठेवा. दुसऱ्या दिशेचा रस्ता झाडांच्या पलीकडून नव्याने काढा. झाडांची रांग आपोआप दुभाजक होईल. त्यासाठी थोडी जास्त जमीन लागेल, शेतकऱ्याला रास्त मोबदला द्यावा लागेल, खर्च वाढेल. सगळीकडे हे जमणार नाही, घाटात तर नाहीच. पण जिथे दोन्ही बाजूंना सपाट शेतं आहेत तिथे हा पर्याय निदान आराखड्यात मांडून, नाकारायचा असला तर कारण देऊन नाकारा.

दुसरी गोष्ट घंटांची. ती माझ्या जिव्हाळ्याची आहे म्हणून थोडी सविस्तर सांगते.

कॅलिफोर्नियात १७६९ ते १८२३ या काळात स्पॅनिश पाद्र्यांनी एकवीस मिशनं बांधली. १९०६ पासून त्यांना जोडणाऱ्या जुन्या वाटेवर वाकड्या खांबाला टांगलेल्या लोखंडी घंटा उभ्या करायला सुरुवात झाली. आजही महामार्गाच्या कडेला त्या दिसतात. घंटा दिसली की समजायचं, या वाटेवर जुनं चर्च आहे. कार्मेलचं मिशन १७७० चं. एकोणिसाव्या शतकात त्याचं छप्पर कोसळलं होतं. लोकांनी पुन्हा उभारून ते आज नांदतं ठेवलं आहे. या मिशनांनी तिथल्या मूळ रहिवाशांवर केलेला जुलूमही आता उघडपणे बोलला जातो, आणि ते योग्यच आहे.

आपल्याकडेही वाटेवर चर्चच्या घंटा आहेत. फक्त त्या देवळांत आहेत. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठा सरदारांनी आपापल्या देवस्थानांना अर्पण केल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळावर एक, आणि आमच्या या वाटेवर नसरापूरच्या बनेश्वरला एक. बनेश्वरच्या घंटेवर क्रूस आहे. लहानपणी वडिलांनी मला उचलून तो क्रूस दाखवला होता आणि म्हणाले होते, “हात लाव. ही खूप लांबून आली आहे.”

मला त्या घंटा परत नको आहेत. त्या जिथे आहेत तिथे त्यांची पूजा होते, रोज वाजतात, आणि बंद चर्चच्या ढिगाऱ्यात पडून राहण्यापेक्षा ते शतपटीने बरं. पोर्तुगीजांनी वसईत केलेला छळही मला ठाऊक आहे. मला हवी आहे ती पाटी. ही घंटा कुठली, कोणी ओतली, कोणत्या लढाईनंतर इथे आली, हे चार ओळींत मराठीत सांगणारी. ज्या पेशव्यांच्या फौजेने वसई घेतली त्याच घराण्यातल्या सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये आपल्या लष्करातल्या कॅथलिक शिपायांसाठी क्वार्टर गेटजवळ चर्चला जागा दिली. तिथे आजही मिस्सा होते. या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की पुण्याचा इतिहास पुरा होतो. शाळेच्या सहलीतल्या मुलांना बनेश्वरच्या बागेत डबा खायला आणतात. त्या मुलांना घंटेखाली उभं करून हे सांगायला काय लागतं?

किनाऱ्यावर गेलं की याहून वाईट अवस्था दिसते. मागच्या नाताळाच्या सुट्टीत आम्ही अलिबागच्या बाजूने रेवदंड्याला गेलो. पोर्तुगीज कोटाच्या आत, नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये चर्चचे भग्नावशेष आहेत. जुन्या सात मजली मनोऱ्याचे काही मजले अजून उभे आहेत. एका कमानीखाली फोटो काढणारी मंडळी रंगीत धुराची नळकांडी पेटवत होती. भिंतीवर कोळशाने आणि खिळ्याने नावं कोरलेली. चुन्यातून पिंपळाची मुळं आत शिरलेली. ज्या चौल बंदरात १४६९ च्या सुमाराला अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी उतरला, जगभरच्या अभ्यासकांना ज्याचं नाव ठाऊक आहे, त्या ठिकाणी आम्ही तासभर फिरलो आणि कशाचं नाव काय हे शेवटी एका वाडीतल्या आजोबांनी सांगितलं.

खाडीपलीकडे कोर्लई. किल्ल्याच्या पायथ्याशी माउंट कार्मेलचं चर्च आणि त्याभोवतीचं ख्रिस्ती गाव. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, पण त्यांच्या भाषेचं मराठीत मुरलेलं रूप हे लोक आजही घरात बोलतात. तिला ते ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आसपास. चर्चच्या पायरीवर बसलेल्या एका बाईंनी माझ्या वडिलांशी मराठीत आणि आपल्या नातवाशी त्या भाषेत, असं एका दमात बोलणं केलं. वडील कान देऊन ऐकत होते. मग मला म्हणाले, “वाक्य आपल्यासारखं चालतंय बघ.” दरवर्षी हजारो गाड्या कोर्लईचा किल्ला आणि दीपगृह बघून पुढे मुरुडला जातात. त्या गावात एक अख्खी भाषा जिवंत आहे, हे त्यांना कळण्याची काहीच सोय नाही. कळलं तर ते गावातून हळू गाडी चालवतील, निदान स्पीकर बंद करतील.

आता लेखकांच्या गावांकडे येते.

तिकडे सॅलिनास नावाच्या गावात जॉन स्टाइनबेकचं जन्मघर आहे. १९६२ चं नोबेल मिळालेला हा लेखक. घर साधं, लाकडी, दुमजली. गावातल्या स्वयंसेवक बाया तिथे दुपारचं जेवण वाढतात आणि त्या पैशांतून घर राखतात. आम्ही त्याच्या घरच्या खोलीत बसून सूप प्यालो. त्याच गावात त्याच्या नावाचं मोठं संग्रहालयही आहे. महामार्गावरून तिथवर पाट्या नेतात.

वडिलांच्या वाटेवर काय आहे? वरंधा उतरताना शिवथर घळ. समर्थांनी दासबोध इथे सांगितला आणि कल्याणस्वामींनी उतरवून घेतला, अशी परंपरा. दापोलीच्या अलीकडे पालगड, साने गुरुजींचा जन्म इथला, २४ डिसेंबर १८९९. नाताळच्या आदल्या दिवशीचा, म्हणून वडील त्यांना ‘आपले गुरुजी’ म्हणायचे. त्यांच्या आईची गोष्ट त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि महाराष्ट्रातली घरंच्या घरं ती वाचून रडली. त्याच रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव हे ना. वा. टिळकांचं जन्मगाव. आणि गणपतीपुळ्याच्या जवळ मालगुंड, १८६६ मध्ये केशवसुत जिथे जन्मले ते गाव. कोकण मराठी साहित्य परिषदेने १९९४ मध्ये तिथे त्यांचं सुंदर स्मारक उभं केलं, जुनं घर राखलं, कविता दगडावर कोरल्या. सरकारच्या आधी साहित्यावर जीव असलेल्या माणसांनी हे केलं, याचा मला फार अभिमान वाटतो.

गणपतीपुळ्याला सुट्टीच्या दिवसांत गाडी लावायला जागा नसते. तिथून मालगुंड जेमतेम दोन-तीन किलोमीटर. शेवटच्या खेपेला आम्ही स्मारकात गेलो तेव्हा आमच्याशिवाय एक जोडपं होतं, तेही पत्ता विचारत आलेलं. पुळ्याच्या रस्त्यावर हॉटेलांच्या, मत्स्याहाराच्या, वॉटर स्पोर्ट्सच्या पाट्या मोजता मोजता मी दमले. कवीच्या घराची एक दिसली, तीही झाडोऱ्यात अर्धी बुडालेली आणि तीवर ‘केशवसूत’ असा दीर्घ ‘सू’. ज्याने मराठी कवितेला नवी वाट दिली त्याचं नाव मराठी राज्यात मराठी पाटीवर चुकतं. हे दुरुस्त करायला निधी लागत नाही. लिहिणाऱ्याच्या शेजारी वाचणारा एक माणूस लागतो.

करजगावला जायचं म्हणून मी एका पर्यटन माहिती केंद्रात चौकशी केली. टेबलावरच्या तरुणाने नम्रपणे विचारलं, “मॅडम, तिथे बीच आहे का?” मी नाही म्हटलं. तो म्हणाला, “मग आमच्या यादीत नसेल.” त्या मुलाला दोष देत नाही. यादी त्याने केलेली नाही, ती तुम्ही करता.

घाटाचंही बोलायला हवं. वरंध्याचा घाट पावसाळ्यात बंद होतो, आणि दरड कोसळत असेल तर तो बंद झालाच पाहिजे. पण गेल्या जुलैत आम्ही नीरा देवघरच्या पाण्याच्या कडेकडेने तासभर गेल्यावर एकदम रस्त्यात आडवी पिंपं आणि बाभळीच्या फांद्या दिसल्या. आमच्या पुढे आजारी आईला गावी नेणारा एक रिक्षावाला अडकून बसला होता. भोरच्या चौकात एक फळा लावला असता तर तो ताम्हिणीने गेला असता. कॅलिफोर्नियातला तो प्रसिद्ध किनाऱ्याचा रस्ताही दरडींनी सतत बंद होतो. २०१७ मध्ये एक भाग वर्षाहून जास्त काळ बंद राहिला, आणि आम्ही गेलो तेव्हाही मधला तुकडा बंदच होता. पण ते आम्हाला निघण्याच्या आधी समजलं, आणि रस्त्यावर वळायची जागा येण्याआधी पुन्हा पुन्हा समजलं. डोंगर तिथेही ऐकत नाही. निरोप मात्र वेळेवर पोचतो.

स्वच्छतागृहांबद्दल एकच वाक्य लिहिते, कारण बाई म्हणून यावर लिहायची मला लाज वाटण्याचे दिवस संपले आहेत: भोर सोडल्यापासून महाडपर्यंत चौऱ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या लेकीला भरवशाने जाता येईल असं एकही ठिकाण आम्हाला सापडलेलं नाही.

खाड्यांवर आता पूल होत आहेत. किनाऱ्याच्या गावांना ते हवेत, रुग्णाला रात्री दवाखान्यात नेताना होडी उपयोगाची नाही. पण बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड या जंगलजेट्यांनी, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या फेरीबोटींनी, ही वाट इतकी वर्षं जोडून ठेवली आहे. गाडी फळीवरून आत घ्यायची, हँडब्रेक लावायचा, खाली उतरायचं, आणि खाडीच्या मधोमध इंजिनाच्या धडधडीत सगळे प्रवासी एकमेकांशी बोलायला लागतात. मासळीच्या पाट्या घेऊन चढलेल्या बायका वडिलांना अजून ‘डायव्हरदादा’ म्हणतात. पूल झाल्यावर निदान पायी प्रवाशांसाठी आणि दुचाकींसाठी एक तरी फेरी चालू राहावी.

आणि जंगल. आपल्याकडे रेडवुड नाहीत, पण देवराया आहेत. पुणे जिल्ह्यातच अहुप्याच्या देवराईत गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन झाडाझाडांवरून गेलेला पाहता येतो. त्याच्या शेंगा हातभर लांब. त्यातली एक गुळगुळीत बी वडिलांच्या खिशात मी लहान असल्यापासून आहे. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ पासून राखीव आहे आणि आपला राज्यप्राणी शेकरू तिथे उंच झाडांच्या शेंड्यांवर घर करतो. शेंड्याला शेंडा भिडलेला असेल तरच त्याला जमिनीवर न उतरता फिरता येतं. मधून रस्ता रुंद झाला की ती साखळी तुटते. देवराईत फरशी, सिमेंटचा मंडप आणि हॅलोजन म्हणजे विकास नव्हे. पर्यटनाच्या नावाखाली येणारा पैसा जंगलात सिमेंट होऊन पडू नये.

माझ्या मागण्या अशा आहेत.

कापूरहोळ ते भोर आणि पुढच्या रस्त्यावरच्या क्रमांक टाकलेल्या झाडांची यादी जात, अंदाजे वय आणि खोडाचा घेर यांसह मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीत लावा, आणि गावाचं म्हणणं ऐकेपर्यंत एकाही झाडाला करवत लावू नका. पन्नास वर्षांवरच्या झाडाला शहरात मिळतं ते संरक्षण राज्यातल्या सर्व रस्त्यांवर लागू करा. सपाट भागात जुना रस्ता झाडांसह एका दिशेला ठेवण्याचा पर्याय तपासून त्याचा अहवाल जाहीर करा.

शिवथर घळ, पालगड, करजगाव, मालगुंड आणि याच तऱ्हेची राज्यातली लेखकांची गावं रस्त्याच्या पाट्यांवर आणा. पाटीवरचं मराठी छापण्याआधी मराठीच्या शिक्षकाला दाखवा. बनेश्वर, भीमाशंकर आणि मेणवली इथल्या घंटांपाशी देवस्थानांच्या संमतीने त्यांचा खरा, पुरा इतिहास लिहा. रेवदंड्याच्या भिंतींतली झाडं तज्ज्ञांकडून काढून घ्या, तिथे एक राखणदार नेमा, जमलं तर गावातलाच. कोर्लईबद्दल काहीही करण्याआधी कोर्लईच्या लोकांना विचारा.

घाट बंद झाल्याची सूचना शेवटच्या पर्यायी फाट्याच्या आधी लावा. दर चाळीस किलोमीटरला पाणी असलेलं, दार लागणारं स्वच्छतागृह द्या.

मी कोणत्याही पक्षाची नाही. मला सत्कार नको, समितीत जागा नको. उत्तर मात्र हवं आहे, आणि ते या पत्रासारखंच उघड हवं आहे.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला आम्ही पुन्हा पाण्याच्या वडापाशी असू. टपरीच्या मावशी, आजूबाजूच्या वस्तीतल्या काही बाया, वडिलांचे दोन जुने वाहक मित्र आणि मी. आम्ही खोडाचा घेर मोजणार आहोत. मागच्या वेळी माझी सहावारी साडी गुंडाळून पाहिली, ती पुरली नाही. या खेपेला लांब टेप आणते. तुमच्यापैकी कोणी आलं तर दुसरं टोक धरायला माणूस हवाच आहे. चहा आम्ही आणू.

आपली,
गुरुवार पेठ, पुणे येथील एक रहिवासी
(एसटी चालकाची मुलगी)